सवडीने पाहण्याचे गाव

सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात, कृष्णेच्या उसाने हिरव्या झालेल्या खोऱ्यालगत उठलेल्या डोंगरांच्या पायथ्याशी कुंडल वसले आहे. नकाशावर हे गाव लहान असले, तरी त्याचा सांस्कृतिक परीघ पुष्कळ मोठा आहे, आणि धावत्या गाडीच्या काचेतून तो दिसत नाही. पाठीवर एक सॅक आणि हाताशी काही मोकळे दिवस घेऊन निघालेल्या भटक्यालाच तो हळूहळू उमगत जातो. येथील कला एका छपराखाली मांडलेली नसून डोंगरातल्या गुहेत, कुस्तीच्या मैदानात, शाहिरांच्या आठवणीत, कारखान्याच्या वसाहतीत आणि एका संस्थानिकाने जमवलेल्या चित्रांत ती विखुरलेली आहे, त्यामुळे ती पाहण्यासाठी तिकिटापेक्षा सवडच अधिक लागते.

या परिसरात वाढलेल्या माणसाला ही सवड पहिल्यांदा मिळते ती बालपणी, न मागता. श्रावणात वडीलधाऱ्यांचे बोट धरून डोंगर चढणाऱ्या मुलाला झरी पार्श्वनाथाच्या गुहेत जाणवतो तो गारवा आणि पाण्याची ओल. मूर्तीकडे त्याचे लक्ष नसते. तोच मुलगा पुढे शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जातो आणि विशीत-पंचविशीत सॅक लावून परततो, तेव्हा त्याला मूर्ती दिसू लागते. पार्श्वनाथ हे जैनांच्या चोवीस तीर्थंकरांपैकी तेविसावे, आणि मस्तकावरील नागफणा ही त्यांच्या मूर्तीची खूण होय. गावातील कलिकुंड पार्श्वनाथ आणि डोंगरावरील झरी व गिरी पार्श्वनाथ यांमुळे कुंडलची गणना अतिशयक्षेत्रांत होते. ज्या स्थळी तीर्थंकर किंवा मुनी मोक्षाला गेले असे मानतात ते सिद्धक्षेत्र, आणि जेथील मूर्तीच्या किंवा स्थळाच्या अलौकिक प्रभावावर भाविकांची श्रद्धा असते ते अतिशयक्षेत्र, असा हा भेद आहे. गुहेच्या अंधाराला डोळे सरावेपर्यंत थांबावे लागते, आणि हे थांबणे पाहण्याचाच भाग आहे, ही समज मात्र वयानेच येते.

कुंडलच्या कलाजीवनाचा सर्वांत जिवंत भाग म्हणजे तेथील कुस्ती मैदान. कुस्तीला कला म्हणण्यास ज्यांचे मन घेत नाही, त्यांनी डोंगराच्या उतारावर दाटीने बसलेल्या प्रेक्षकांत एक दुपार काढावी. उतारच येथे बैठक होतो, त्यामुळे सर्वांत मागच्या माणसालाही हौदा, म्हणजे तांबड्या मातीचा आखाडा, स्वच्छ दिसतो. कडे आणि कातडे यांची चपटी हलगी तापवून कडक केली जाते, तिचा ठेका चढत जातो आणि जोड आखाड्यात उतरते. जोड म्हणजे तोलामोलाचे ठरवून एकमेकांविरुद्ध नेमलेले दोन मल्ल. आरंभीची खडाखडी, म्हणजे हातांनी मान आणि मनगट चाचपत चालणारी परीक्षा, नवख्याला कंटाळवाणी वाटते, पण जाणकाराचे डोळे तेथेच खिळतात, कारण पुढे कोण पटाला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या पायांना, झेपावणार आणि कोणाचे वजन कोणत्या पायावर आहे हे त्या संथ क्षणांतच ठरत असते. महाराष्ट्राबरोबर पंजाब-हरियाणातील मल्लही येथे येतात. पुष्कळ घरांत आजोबा, बाप आणि नातू यांनी हेच मैदान आपापल्या काळात पाहिलेले असते, आणि जुन्या जोडींची तुलना नव्यांशी करताना त्या घरांत जे बोलले जाते ते रसग्रहणच होय. समीक्षेच्या ग्रंथांनी त्याची दखल घेतलेली नाही, ही त्या ग्रंथांची उणीव आहे.

याच गावाला 1942 नंतरच्या स्वातंत्र्यलढ्याचा वारसा आहे. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली तत्कालीन सातारा जिल्ह्यात उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारचे, म्हणजे इंग्रजी सत्तेला समांतर चालवलेल्या लोकांच्या कारभाराचे, कुंडल हे प्रमुख केंद्र होते, जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन रामभाऊ लाड हे येथलेच, आणि 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वे अडवणाऱ्या तुफान सेनेचे ते नेते होते. हा लढा केवळ शस्त्रांवर चालला नाही. प्रतिसरकारचा विचार वाडीवस्तीपर्यंत गेला तो शाहिरांच्या पोवाड्यांतून, आणि त्यांत शाहीर शंकरराव निकम यांचे नाव अग्रभागी आहे. कवी ग. दि. माडगूळकर यांचेही या गावाशी नाते आहे: वडील औंध संस्थानच्या नोकरीत होते, कुटुंबाचा काही काळ कुंडलला गेला आणि माडगूळकरांचे शालेय शिक्षण औंधला झाले. त्यांच्या पुढील काव्यात लोकछंदाची जी सहजता आढळते, तिचे मूळ या मातीत शोधणे वावगे ठरणार नाही.

जवळच्या रेल्वे स्थानकाला आज किर्लोस्करवाडी म्हणतात. पूर्वी ते कुंडल रोड होते. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर कारखाना आणि वसाहत उभारली, आणि लोखंडी नांगरांच्या या गावातूनच 1920 मध्ये ‘किर्लोस्कर’ मासिक निघाले, मग 1930 मध्ये ‘स्त्री’. त्यांचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते. वाड्यांतल्या माजघरापर्यंत पोहोचलेला आधुनिक विचार एका कारखान्याच्या वसाहतीत छापला जात होता, ही गोष्ट त्या शांत रस्त्यांवरून चालताना जितकी नवलाची वाटते तितकी ग्रंथालयात वाटत नाही.

या सर्व वाटा औंधकडे वळतात, कारण कुंडल हा औंध संस्थानचाच एक तालुका होता. सातारा जिल्ह्यातील औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (1868–1951) स्वतः चित्रे काढीत, कीर्तन करीत, अजिंठा आणि वेरूळ यांवर त्यांनी ग्रंथ लिहिले, आणि यमाई देवीच्या डोंगरावर 1938 मध्ये श्री भवानी संग्रहालय उभारले. राजा रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रे, पहाडी शैलीतील लघुचित्रे आणि हेन्री मूर यांचे मायलेकराचे शिल्प एका खेड्यातील डोंगरावर एकत्र नांदावे, यामागे राजाची हौस होती तशीच एक निश्चित भूमिकाही होती: उत्तम चित्र पाहण्यासाठी रयतेला शहरात जावे लागू नये. त्याच काळात त्यांनी प्रजेच्या हाती कारभार देणारी राज्यघटना आणली आणि कैद्यांसाठी स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली. तिच्यावरून सुचलेल्या ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) या चित्रपटाची कथा माडगूळकरांची आहे.

संग्रहालय घाईने पाहणारा तासाभरात बाहेर पडतो आणि रविवर्म्याच्या चित्रांपुरतेच बोलतो. निवृत्तीनंतर पुन्हा सवड मिळालेला, लहानपणी शाळेच्या सहलीबरोबर येथे रांगेत फिरवला गेलेला कुंडलचा माणूस मात्र आता लघुचित्रांच्या दालनात बसून राहतो, एकेका चित्रातील झाडांची पाने, ओढण्यांच्या कडा आणि पावसाळी ढगांचे रंग निरखतो, दुपारी यमाईच्या पायऱ्या उतरून जेवतो आणि उरलेली दालने पाहण्यासाठी औंधलाच मुक्काम करतो.