चावी चालू, गाडी बंद

रोडपालीकडून कळंबोली सर्कलला येताना हँडल डावीकडे वळलं की माझी गाडी बंद पडायची. हँडल सरळ केलं, किक मारली की पुन्हा चालू. त्या सर्कलला लोखंडाने लादलेले ट्रेलर फिरत असतात, तिथे मध्येच इंजिन गप्प होणं म्हणजे जिवाशी खेळ. एका गॅरेजवाल्याने प्लग बदलला. दुसरा म्हणाला, अख्खं वायरिंग नवीन टाकू. शेवटी स्टील मार्केटजवळ ट्रकचं वायरिंग करणाऱ्या मिस्त्रींकडे गेलो. दुचाकी ते सहसा घेत नाहीत.

त्यांनी आधी ठिणगी देणाऱ्या सीडीआयला जाणारी काळी-पांढरी वायर सोडवली. माझ्या जुन्या शंभर सीसीच्या गाडीत सीडीआयला करंट मॅग्नेटच्या कॉइलकडून मिळतो, म्हणून बॅटरी मेली तरी किकवर गाडी निघते. चावी बंद केली की ही काळी-पांढरी वायर अर्थ होते आणि ठिणगी थांबते. तीच वायर वाटेत कुठे चॅसीला टेकली, तर चावी चालू असली तरी काय उपयोग! ती सोडवल्यावर हँडल कसंही फिरवलं तरी इंजिन चालूच. आता चावीनेही बंद होईना. मग ते बंद पाडायला मिस्त्रींनी ब्रेक दाबून, गिअर टाकून क्लच सोडला.

"मानेपाशी सोललीय. टाकी काढा."

टाकीखाली, हँडलच्या मानेला घासून वायरचं प्लास्टिक गेलेलं होतं. शेजारीच कुणीतरी कधीकाळी मारलेला जोड, त्यावरच्या टेपचा नुसता चिकट चिखल. बॅटरीची निगेटिव्ह काढून मिस्त्रींनी तांबं चकचकीत दिसेपर्यंत वायर मागे कापली, तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा घेतला. जोड मात्र मानेपाशी दिला नाही: एक टाकीखाली, दुसरा हेडलाइटच्या डब्यात. वायर वाकते तिथे जोड नको, एवढंच त्यांचं म्हणणं, आणि माझ्या मते सगळी कारागिरी त्यातच आहे. सोल्डर तारांमधून आत झिरपतं, तेवढी वायर ताठ होते. ते जिथे संपतं नेमकी तिथेच ती हादऱ्याने तुटते. ट्रकला मिस्त्री दाबून बसवायचे लग वापरतात, पण त्याची वेगळी पकड लागते. साध्या पकडीने चेपलेला लग निसटतोच.

स्लीव्ह आधी ओवली (नंतर आठवली तर जोड पुन्हा कापावा लागतो), टोकं जुन्या तारखात्याच्या पद्धतीने एकमेकांभोवती गुंडाळली, राळेचं सोल्डर बेताचं दिलं, आणि आतून गोंद असलेली स्लीव्ह गरम हवेने आवळली. मानेपाशी वायरला ढील ठेवली.

सीडीआय जोडण्याआधी मल्टिमीटरचा एक प्रोब त्या वायरला, दुसरा चॅसीला. चावी बंद, बीप. चावी चालू, गप्प. हँडल दोन्ही टोकांना नेलं, तरी गप्प. मग टाकी बसवायला घेतली, तर मिस्त्री म्हणाले, "थांबा, इंडिकेटरच्या वायरीही तिथूनच जातात."