ग्वातापे : रंगीत भिंतींचे गाव आणि तळ्याखालचे गाव

निळ्याशार पाण्यात विखुरलेली हिरवी बेटे आणि शेजारी एकटाच उभा असलेला प्रचंड खडक. हा फोटो तुम्ही मोबाइलवर कधी ना कधी पाहिला असेल. हे आहे दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशातले ग्वातापे. पण या फोटोतला खडक तेवढा निसर्गाचा. तळे माणसाने केलेले आहे आणि त्यासाठी शेजारचे एक अख्खे गाव बुडाले आहे. चला, आज दोन्ही गावांची ओळख करून घेऊया.

कुठे आहे हे गाव?

कोलंबियाच्या आन्तिओकिया प्रांतात मेडेयिन हे मोठे शहर आहे. तिथून पूर्वेला सुमारे ८० किलोमीटरवर ग्वातापे ही छोटीशी नगरपालिका वसली आहे. गावाची स्थापना १८११ सालची. विषुववृत्त जवळ असले तरी इथे घामाच्या धारा लागत नाहीत, कारण गाव समुद्रसपाटीपासून जवळपास १,९०० मीटर उंचीवर आहे.

७०० हून जास्त पायऱ्यांचा खडक

कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात तप्त शिलारस थिजून कठीण खडक तयार झाला. वरची आणि आजूबाजूची माती-दगड झिजत गेले, हा मात्र टिकून राहिला. आज तो सुमारे २०० मीटर उंच उभा आहे. १९५४ मध्ये लुईस व्हिएगास आणि त्यांचे दोन मित्र खडकाच्या उभ्या भेगेत लाकडे अडकवत वर चढले. त्यांना पाच दिवस लागले! आता त्याच भेगेत ७०० हून जास्त पायऱ्यांचा नागमोडी जिना आहे. दुरून पाहिले की खडकाला कुणी टाके घातले आहेत असेच वाटते.

तळ्याखालचे पेन्योल

जिना चढून वर गेलात की खाली दिसणारी बेटे नीट पाहा. एकेकाळी त्या टेकड्या होत्या. त्यांच्यामधल्या दऱ्यांत शेते होती, वाटा होत्या. मेडेयिनच्या वीज कंपनीने नारे नदीवर धरण बांधले आणि दऱ्या पाण्याने भरल्या. ग्वातापेची पुष्कळ शेतजमीन गेली, पण गाव वाचले. शेजारचे एल पेन्योल मात्र वाचले नाही. तिथल्या लोकांनी मोठा विरोध केला, वाटाघाटी केल्या, पण १९७८ मध्ये जुने गाव पाण्याखाली गेले. लोकांना जवळच नव्याने वसवलेल्या गावात जावे लागले. इथल्या वीजकेंद्राची क्षमता ५६० मेगावॉट आहे. शहरांतले दिवे लागले, त्याची किंमत या लोकांनी मोजली.

आज पर्यटकांच्या बोटी तळ्यात उभारलेल्या एका उंच क्रॉसजवळ थांबतात. बुडालेल्या गावाची ती खूण आहे.

खडक कुणाचा?

खडकावर पांढऱ्या रंगात दोन अगडबंब अक्षरे दिसतात : ‘जी’ आणि ‘आय’. त्यामागचा किस्सा मजेदार आहे. ग्वातापेच्या लोकांनी खडकावर आपल्या गावाचे नाव रंगवायला घेतले. ‘जी’ झाले, ‘यू’ची एक रेघ झाली आणि पेन्योलवाल्यांनी काम बंद पाडले. अर्धवट राहिलेले ते ‘यू’ आता ‘आय’सारखे दिसते.

खडक ग्वातापेच्या हद्दीत आहे, पण पेन्योल या नावाचाच अर्थ मोठा खडक. घरे, गल्ल्या, चर्च सगळे गेल्यावर ज्याच्यावरून गावाला नाव मिळाले तो खडकही सोडून द्यायचा? म्हणूनच नव्या पेन्योलमधले चर्चसुद्धा खडकाच्या आकाराचे आहे.

भिंती सांगतात गोष्टी

ग्वातापेची दुसरी ओळख म्हणजे ‘सोकालो’. घराच्या भिंतीच्या खालच्या भागावर सिमेंटमध्ये उठावाची चित्रे करून ती भडक रंगांत रंगवतात. १९१९ च्या सुमारास होसे मारिया पारा या गावकऱ्याने ही सुरुवात केली असे मानले जाते. पावसाच्या शिंतोड्यांपासून भिंतीचे रक्षण व्हावे, हा त्याचा व्यवहारी उपयोग. पुढे त्यात कोकरे, फुले, शेतकरी, खेचरे आली. दुकानात काय मिळते तेही भिंतीवरच कळते. हळूहळू सारे गावच चित्रांचे पुस्तक झाले.

जायचे असेल तर...

मेडेयिनच्या उत्तर बस टर्मिनलवरून थेट बस मिळते, साधारण दोन तास लागतात. शनिवार-रविवारी शहरातली गर्दी इकडे लोटते, म्हणून मधला वार निवडा. ट्राउट मासा इथे आवडीने खातात. शाकाहारी असाल तर मक्याची भाकरी, म्हणजे आरेपा, आणि अ‍ॅव्होकॅडो आहेच. इथली भाषा स्पॅनिश, तेव्हा चार शब्द शिकून जा.

आणि खडकावरून फोटो काढून झाला की बोटीतून त्या क्रॉसपर्यंतही जा. नव्या पेन्योलजवळ जुन्या गावाची प्रतिकृती उभारली आहे, तिथेही थोडा वेळ काढा. मग मोबाइलमधल्या त्या निळ्या पाण्याकडे पाहताना त्याखालचे गावही तुम्हाला आठवेल.