वीकेंड डेस्टिनेशन : अझरॉथ!

महाबळेश्वर झालं, अलिबाग झालं, लोणावळ्याचा चिक्कीवाला तर तुम्हाला आता नावानं ओळखतो. मग या शनिवारी कुठे? आज जिथे घेऊन जातोय तिथे व्हिसा लागत नाही, पेट्रोल लागत नाही आणि टोलनाक्यावरची रांगही नाही. बऱ्यापैकी इंटरनेट हवं आणि झोपेवर पाणी सोडायची तयारी हवी, बस्स! ठिकाणाचं नाव अझरॉथ. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन गेममधलं हे जग नोव्हेंबर २००४ मध्ये उघडलं आणि त्याची मूळ, जुनी आवृत्ती ऑगस्ट २०१९ मध्ये 'क्लासिक' नावानं पुन्हा सुरू झाली. मी तिथे राहायला गेलो तो या दुसऱ्या फेरीत. पेशा, मेज. म्हणजे जादूगार. काम काय, तर लांब उभं राहून ड्रॅगनच्या अंगावर बर्फाचे गोळे मारायचे. जितके जास्त, जितके जोरात, तितकी तुमची पत.

आता तुम्ही म्हणाल, गोळे मारायला प्रवास कशाला हवा? बॉस, तीच तर गंमत आहे!

थोडा फ्लॅशबॅक. २०२० चा उन्हाळा. मी पुण्यात, वन बीएचकेमध्ये, लॅपटॉपसमोर. माझा चुलतभाऊ, आमचा दादा, जर्मनीत. एप्रिलमध्ये घरी यायचा होता, पण मार्चमध्येच विमानं बंद झाली. दादा एका युरोपियन गिल्डचा मेन टँक, म्हणजे ड्रॅगनच्या तोंडासमोर ढाल घेऊन उभा राहणारा गडी. त्यानं शब्द टाकला म्हणून मला तिथे ट्रायल मिळाली. रेड ४० जणांची, मेज आम्ही आठ आणि जागा सहा. तीन आठवडे सगळ्यांचे आकडे बघणार आणि मग यादी लावणार. थोडक्यात, अप्रेझल! फक्त इथे एचआरचं गोड बोलणं नाही, स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या डॅमेज मीटरवर चाळीसही जणांसमोर तुमचा आकडा झळकतो. यादीत नाव आलं नाही तर आठवड्यातून दोनदा दादासोबत मिळणारे तीन-तीन तास गेले. फोनवर तो दोन मिनिटांत 'बाकी काय?' वर येतो. हेडसेट लावला की मात्र मस्त बोलतो.

"अरे, मीटरकडे काय बघतोयस सारखा?" पहिल्याच रात्री तो म्हणाला. "कास्टिंग बारकडे बघ!"

त्याचं म्हणणं सोळा आणे खरं. फ्रॉस्टबोल्ट हा मंत्र मुळात ३ सेकंदांचा, टॅलेंटचे ५ पॉइंट टाकले की अडीचचा. म्हणजे मिनिटाला २४ गोळे. पण प्रत्येक गोळ्यानंतर बोट फक्त ०.२ सेकंद रेंगाळलं तर २४ चे २२ होतात. सात टक्के डॅमेज असंच हवेत! त्यात आपला सर्व्हर युरोपात, पिंग दीडशे-पावणेदोनशे मिलिसेकंद. यावर उपाय साधा आहे. क्लासिकमध्ये चालू मंत्राच्या शेवटच्या ४०० मिलिसेकंदांत पुढचं बटण दाबलं तर ते रांगेत लागतं आणि बार संपताक्षणी सुटतं. म्हणजे बार भरण्याची वाट बघायचीच नाही, आधीच दाबायचं. आणि विनाकारण हलायचं नाही, कारण चालताना मेजला मंत्र म्हणता येत नाही. कुठे उभं राहायचं हे लढाईआधीच ठरवा.

दुसरा फंडा हिटचा. बॉस तुमच्यापेक्षा ३ लेव्हल वरचा धरला जातो, त्यामुळे १०० पैकी १७ मंत्र त्याला लागतच नाहीत. एलिमेंटल प्रिसिजन या टॅलेंटमुळे त्यातले ६ वाचतात, उरलेल्यांपैकी १० कपड्या-अंगठ्यांवरच्या हिटनं वाचवायचे. शेवटचा एक टक्का देवाच्या हाती, तो कधीच सुटत नाही. नवी पोरं स्पेल पॉवरच्या मोठ्या आकड्याला भुलतात आणि हिटवाली साधी अंगठी विकून टाकतात. अहो, न लागलेल्या गोळ्याची ताकद शून्य! आणि हो, तेव्हा आगीचा मेज बनायचा मोह आवरायचा. मोल्टन कोअर आणि ब्लॅकविंग लेअर ही त्या वेळची दोन्ही मोठी ठिकाणं आगीत न्हालेल्यांची. रॅग्नरॉसला तर आगीचं काहीच होत नाही. आगीचे दिवस पुढे, आन किराज उघडल्यावर आले.

हा झाला घरचा अभ्यास. आता बॅग उचला!

पहिला मुक्काम, स्टॉर्मविंड. पांढऱ्या दगडांची राजधानी, कालवे, पूल आणि मेज क्वार्टरमधला तो जांभळी जादू झिरपणारा मनोरा. इथे दरवाज्याशी कुणीतरी ओनिक्सिया या ड्रॅगनिणीचं मुंडकं आणून टांगतं आणि तेव्हा शहरात असलेल्या प्रत्येकाला २ तासांसाठी १० टक्के जादा स्पेल क्रिट मिळतो. 'मुंडकं पाच मिनिटांत' असा निरोप फिरला की सगळं शहर दरवाज्याशी गोळा. दादरच्या फलाटावर फास्ट लोकलची घोषणा झाल्यावर जे होतं ना, अगदी तेच. महिना बरा असेल तर शहराबाहेर गोल्डशायरजवळ डार्कमून फेअर भरलेली असते. तिथे सेज नावाचा भविष्यवेत्ता दोन प्रश्न विचारतो आणि उत्तरं नीट दिलीत तर २ तास डॅमेज १० टक्क्यांनी वाढवून देतो. आमच्या पेठेतला ज्योतिषी एवढी खात्री देत नाही!

पुढे फेरालस. मेजची चैन अशी की तो थेट डार्नाससला टेलिपोर्ट होतो आणि तिथून पुढे हिप्पोग्रिफ या पक्षी-हरणासारख्या वाहनावर बसतो. वाट ठरलेली, मध्ये उतरता येत नाही, वेग बदलता येत नाही. मी या उड्डाणात भांडी घासायचो. पण एकदा तरी बसून बघाच. खाली आधी काळसर किनारा सरकतो, मग ओसाड माळ, आणि अचानक दाट हिरवं रान उगवतं. पावसाळ्यात ताम्हिणीतून खाली कोकणात उतरताना जसं होतं तसं. या रानात डायर मॉल नावाचं मोडकं शहर आहे आणि त्याच्या उत्तर भागावर ओगरांचं राज्य. गंमत म्हणजे इथे पहारेकऱ्यांना मारायचं नाही, हळूच कडेनं जायचं आणि फक्त राजाला गाठायचं. राजा पडला की ओगर लोक तुम्हालाच राजा मानतात आणि वाचलेले पहारेकरी एकेक आशीर्वाद देतात. आपल्या कामाचा स्लिपकिकचा, ३ टक्के स्पेल क्रिट.

सगळ्यात शेवटी फेलवूड. झाडं सडलेली, पाणी हिरवट, सगळ्या रानाला बुरशी लागलेली. आणि मधेच एक सोनेरी फूल, साँगफ्लॉवर. हात लावला की ५ टक्के क्रिट आणि थोडं बाकीचं, पण फक्त १ तासासाठी. एकानं घेतलं की ते पुन्हा उगवायला २५ मिनिटं. म्हणून हा थांबा कायम शेवटचा ठेवायचा. पीव्हीपी सर्व्हरवर त्या फुलामागे शत्रू दबा धरून बसलेले असतात, आणि मेलात की सगळे आशीर्वाद गेले. सगळे! दोन तास फिरून जमवलेले, एका क्षणात.

हिशेब सांगतो. १०, ५ आणि ३ मिळून १८ टक्के जादा क्रिट. आईस शार्ड्स टॅलेंट असेल तर बर्फाचा क्रिट दुप्पट लागतो. तुमचा मूळ क्रिट २० टक्के धरा, तर निव्वळ या भटकंतीनं डॅमेज १५ टक्के वाढतो. वर फेअरचे १० टक्के. त्यावर ग्रेटर आर्केन एलिक्झिर, फ्रॉस्ट पॉवरचं एलिक्झिर आणि ब्रिलियंट विझर्ड ऑइल लावलंत की स्पेल डॅमेज ८६ नं वाढतं आणि फ्रॉस्टबोल्टला त्यातलं साधारण ७० मिळतं, प्रत्येक गोळ्याला. मग सराईत शूटबूट केल्यासारखं थेट सरायखान्यात जाऊन लॉगआउट करायचं. तुम्ही बाहेर असताना आशीर्वादांचं घड्याळ थांबतं.

आमची रेड तिथल्या रात्री आठला, म्हणजे आपल्याकडे साडेअकराला. ब्लॅकरॉक पर्वतात, लाव्हाच्या वर लोंबणाऱ्या साखळदंडांवरून आत. दुसरा बॉस व्हेलॅस्ट्राझ. हा लाल ड्रॅगन ३० टक्के जीव शिल्लक असतानाच लढाई सुरू करतो आणि सगळ्यांना जवळजवळ अमर्याद माना देतो. ऐकायला झक्कास! पण थोड्या-थोड्या वेळानं तो एका जादूगाराला बर्निंग अ‍ॅड्रिनलिन लावतो. २० सेकंदांत मरण नक्की, आणि मरताना स्फोट. तोवर मात्र सगळे मंत्र तात्काळ सुटतात आणि डॅमेज दुप्पट.

तिसऱ्या आठवड्यात ते माझ्यावर आलं. अंगावर सगळे आशीर्वाद, संध्याकाळभर गोळा केलेले.

"कोपऱ्यात पळ, पळ!" दादा मराठीत ओरडला. बाकीच्या ३८ जणांना काही कळलं नसेल. मी भिंतीकडे पळालो, वळलो, आणि दर दीड सेकंदाला एक अशा हिशेबानं गोळे सोडत राहिलो. दहा झाले असतील. असे आकडे मी परत कधी पाहिले नाहीत. मग स्क्रीन करडी झाली आणि मी मेलो, कुणालाही सोबत न नेता. पुढचे सहा बॉस मी कोरडाच लढलो. मीटरवर घसरण झाली, पण दादाचा आवाज खूश होता.

यादी लागली. मी पाचवा. जागा मिळाली, दादासोबतचे गुरुवार-रविवार वाचले. बाहेर राहिली ती पोलंडची एक मेज, रात्रपाळी करणारी नर्स. तिची बोटं माझ्याहून चपळ होती, हे मी खात्रीनं सांगतो. आशीर्वाद गोळा करत फिरायला तिच्याकडे संध्याकाळच नव्हती. मीटर कौशल्य मोजतो म्हणतात, पण त्या वर्षी तो निम्मा तरी रिकामा वेळ मोजत होता. मी हे दादाला बोललो. तो म्हणाला, "माहितीये रे. मी तिच्यासाठीपण बोललो होतो." मग आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प होतो. गेम बनवणाऱ्यांनाही हे खुपलं असावं. २०२१ मध्ये आशीर्वाद बाटलीत साठवून ठेवणारं क्रोनोबून आलं आणि त्याच वर्षअखेरीच्या 'सीझन ऑफ मास्टरी'त तर रेडमध्ये हे आशीर्वाद चालेनासेच केले.

जाणार असाल तर थोडं ऐका. टेलिपोर्टसाठी लागणारे रून आधीच खरेदी करा, हार्थस्टोन तासातून एकदाच चालतो. आधी मुंडकं, मग फेअर आणि डायर मॉल, फूल शेवटी. ब्लॅकरॉकपर्यंत पायी जाण्यापेक्षा एखाद्या वॉरलॉककडून समन घ्या, थोडं सोनं गेलं तरी चालेल. फ्रॉस्टचे मेज तिघं-चौघं असाल तर विंटर्स चिलचे ५ थर उतरू देऊ नका, १० टक्के क्रिट त्यात सगळ्यांनाच मिळतो. टँकच्या १३० टक्के थ्रेटच्या पुढे गेलात तर ड्रॅगन तुमच्याकडे वळेल, तेव्हा पहिले दोन गोळे जरा सबुरीनं. आणि सकाळी दहाचा स्टँडअप असेल तर कॅमेरा बंद ठेवा.