उत्तर न येण्याचे दिवस

भाचीच्या मुलाखतीला सव्वीस दिवस झाले. खराडीतल्या एका फायनान्स कंपनीत अकाउंट्सची जागा होती. तिसरी फेरी संपल्यावर "आठवडाभरात कळवतो" म्हणाले. तेव्हापासून ती मोबाइल बाथरूममध्येही नेते. तो वाजला की कोंढव्यातल्या त्यांच्या घरात बहीण हातातलं काम टाकून उभी राहते.

परवा भाचीनं हळूच विचारलं, "खाला, नाव बघून तर नसेल ना?"

मला नाही म्हणता आलं नाही. हो म्हणायलाही माझ्याकडे पुरावा नव्हता. नकार आला असता तर निदान कारण विचारता आलं असतं. गप्प बसणाऱ्याला काय विचारणार?

वाट पाहण्याची आम्हा बीएडवाल्यांना सवय आहे. शिक्षक अभियोग्यता चाचणी डिसेंबर 2017 मध्ये झाली आणि पवित्र पोर्टलची पहिली निवड यादी लागली ऑगस्ट 2019 मध्ये. तोवर कुणी शिकवण्या घेतल्या, कुणी दुकानात बसलं. पण तिथे हजारो जण सोबत थांबले होते. ही एकटीच थांबली आहे.

काल दोघींनी मिळून मेल लिहिला. चारच ओळी: मुलाखतीची तारीख, पद, निर्णय कधीपर्यंत कळेल. शेवटी तिनं 'त्रास दिल्याबद्दल सॉरी' लिहिलं होतं, ते मी काढायला लावलं. आठवडा त्यांनीच सांगितला होता! मग तिनं आणखी दोन ठिकाणी अर्ज केले आणि रात्री मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून झोपली.

फजरला उठल्यावर आधी तोच पाहिला, असं बहीण सांगत होती.