डेबिट कार्ड घरी राहू दे, तू चल

प्रिय क्रेडिट कार्डास,



तुझ्याविषयी आमच्याकडे बरं बोलणारी माणसं कमीच. ऋण काढून सण करायला लावणारं कार्टं, अशी तुझी ख्याती. त्यात ऑनलाइन पैसे भरायची वेळ आली की घरातली ज्येष्ठ मंडळी हटकून सांगतात, "क्रेडिट कार्ड नको रे बाबा, दोन लाखांची मर्यादा आहे त्याला, सगळे जातील! डेबिटने भर, नाहीतर सरळ यूपीआय कर." माझं मत नेमकं उलटं आहे. ते चारचौघांत सांगावं, म्हणून हे पत्र पाकिटात न घालता पाठवतो आहे.

डेबिट कार्डावर डल्ला पडला की पैसे खात्यातून गेलेले असतात. त्याच खात्यातून पाच तारखेला घराचा हप्ता जायचा असतो, पोरांची फी भरायची असते. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत हप्ता काही थांबत नाही. तुझ्यावर डल्ला पडला तर आधी बँकेचे पैसे अडकतात, आमचे नाहीत. बिल येऊन ते भरायची तारीख उजाडेपर्यंत भांडायला उसंत मिळते. कागदावर दोघांना संरक्षण सारखंच आहे, फरक पडतो तो या मधल्या दिवसांत.

हे संरक्षण किती जणांना ठाऊक असतं, कोण जाणे. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 रोजी काढलेलं परिपत्रक सांगतं की चूक ग्राहकाची नाही, बँकेचीही नाही, मधल्याच कुठल्यातरी यंत्रणेची आहे, आणि व्यवहाराचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत बँकेला कळवलं, तर ग्राहकाला एक रुपयाचीही झळ नाही. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं, तर पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डासाठी जास्तीत जास्त 10,000 रुपये आणि त्याहून मोठ्या कार्डासाठी 25,000 रुपये सोसावे लागतात. कळवल्यावर कामकाजाच्या 10 दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती जमा करायची आणि 90 दिवसांत प्रकरण निकाली काढायचं. चूक ग्राहकाची होती, हे सिद्ध करण्याचा भारही बँकेवर.

शिवाय तुझ्याकडे चार्जबॅक आहे. मागवलेली वस्तू आलीच नाही, किंवा मिक्सरच्या खोक्यातून वीट निघाली आणि दुकानदार फोन उचलत नाही, तर बँकेमार्फत त्या व्यवहारावर हरकत घेता येते. यूपीआयने आपल्या हाताने पाठवलेले पैसे परत आणायचे म्हणजे कितीतरी अधिक खेटे.

एवढी वकिली केली म्हणून हुरळून जाऊ नकोस. या सगळ्या कवचाला एक भोक आहे आणि ते सहा आकड्यांचं आहे. ग्राहकाने आपण होऊन ओटीपी दुसऱ्याला दिला, तर त्याच परिपत्रकानुसार बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं स्वतःचं. कळवल्यानंतर जे जाईल, ते मात्र बँकेचं. म्हणून तर चोर आता तुझ्या मागे लागत नाहीत, आमच्या मागे लागतात. "मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल," हा संदेश महाराष्ट्रात किती घरांत पोचला असेल! असले संदेश आपण पाठवत नाही, हे महावितरणला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. त्यातल्या नंबरवर फोन केला की पलीकडचा नम्र आवाज एक ॲप घ्यायला लावतो. त्या ॲपमधून आपल्या फोनचा पडदा त्याला दिसू लागतो. मग तो म्हणतो, "काका, फक्त दहा रुपये भरा, सिस्टीममध्ये नोंद होईल."

इथे थांबून तो ओटीपीचा संदेश जरा नीट पाहायला हवा. सहा आकड्यांच्या शेजारीच सहसा रक्कम लिहिलेली असते आणि पैसे कोणाला चालले आहेत तेही. दहा रुपयांची नोंद चालली असताना तिथे 48,999 आणि भलत्याच दुकानाचं नाव असेल, तर चोराने आपलं ओळखपत्रच पाठवलं म्हणायचं. पण ते वाचतो कोण? कीबोर्डच्या वर आकडे आपोआप उमटतात, आपण अंगठा टेकवतो आणि मोकळे होतो. ही सोय ज्याने काढली त्याचं मी कौतुक करणार नाही. 1 ऑगस्ट 2009 पासून देशातल्या ऑनलाइन कार्ड व्यवहाराला रिझर्व्ह बँकेने ही जादा पडताळणी सक्तीची केली, ती घाई थोपवण्यासाठी. आपण तिलाच घाईत उरकतो.

परदेशातली तऱ्हा निराळी. तिकडच्या बऱ्याच संकेतस्थळांवर ओटीपी विचारतच नाहीत. तुझे सोळा आकडे, मुदतीचा महिना-वर्ष आणि पाठीवरचे तीन आकडे दिले की काम फत्ते. चोरालाही तेवढंच पुरतं. त्यावर उपाय बँकेच्या ॲपमध्ये आहे. 2020 पासून नवं कार्ड येतं तेच ऑनलाइन आणि परदेशी व्यवहारांसाठी बंद होऊन. ते चालू-बंद करायचं बटण ग्राहकाच्या हाती असतं, मर्यादाही आपल्याला ठरवता येते. परवा भाचीच्या परदेशी विद्यापीठाच्या अर्जाची फी भरायची होती. परदेशी व्यवहाराचं बटण चालू केलं, मर्यादा फीपेक्षा जरा वर ठेवली, फी भरली, पावती आली, बटण बंद केलं. चहा गार व्हायच्या आत झालं सगळं. तुला दोन लाखांची मर्यादा आहे म्हणून घाबरणाऱ्या ज्येष्ठांना हे बटण एकदा दाखवायला हवं.

तुझा नंबर दुकानाकडे साठवावा का, या प्रश्नावर तर घरोघरी वाद. 1 ऑक्टोबर 2022 पासून आपल्याकडे दुकानाला किंवा मधल्या पेमेंट कंपनीला तुझा पूर्ण नंबर स्वतःजवळ ठेवता येत नाही. त्याऐवजी टोकन ठेवतात. ते त्या कार्डापुरतं आणि त्या दुकानापुरतं असतं, चोरून दुसरीकडे वापरता येत नाही. तेव्हा नेहमीच्या दोन-तीन ठिकाणी तू साठवलेलं असलंस तरी मला झोप लागते. एकदाच जायचं असेल तिथे मात्र 'कार्ड साठवा' शेजारच्या चौकोनातली खूण काढून टाकावी. आणि पत्त्याच्या पट्टीतल्या कुलपाच्या चित्रावर कोणी भुलू नये. मधला रस्ता सुरक्षित आहे, एवढंच ते सांगतं. पलीकडे दुकान आहे की दरोडेखोर, हे नाही. खोट्या संकेतस्थळांनाही कुलूप मिळतं.

सगळ्यात भाबडी चूक मात्र अडचणीच्या वेळी होते. पैसे गेले की माणूस घाबरून बँकेचा हेल्पलाइन नंबर इंटरनेटवर शोधतो. तिथे भामट्यांनी पेरलेले नंबर वाट पाहत असतात. पहिल्या चोराच्या तावडीतून सुटला तो दुसऱ्याच्या हाती पडतो. आणि खरा नंबर कुठे असतो? तुझ्याच पाठीवर छापलेला!

तुझं बिल आलं की मी ओळ न् ओळ वाचतो. दोन रुपयांची अनोळखी कपात दिसली तरी विचारतो, कारण चोरलेलं कार्ड जिवंत आहे का, हे चोर अशाच चिल्लर रकमेने तपासतात. फुकट महिन्याच्या लालचीने घेतलेली वर्गणी तिथेच पकडली जाते. "किमान देय रक्कम" या ओळीकडे मात्र बघत नाही. ती ठळक का छापतात हे तुलाही ठाऊक आहे, मलाही. सगळे पैसे वेळेवर भरणाऱ्याशीच तुझं जमतं; उरलेल्यांना तुझ्या व्याजापुढे चोर परवडला.

तेव्हा ऑनलाइन बाजारात यापुढेही तूच चल. डेबिट कार्ड घरी राहू दे.

तुझा,
एक दर महिन्याला पूर्ण बिल भरणारा ग्राहक

ता. क. : हे पत्र आडून वाचणाऱ्यांसाठी. पैसे गेल्याचं कळताच आधी बँकेला सांगून कार्ड बंद करा, मग लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. आणि कार्डाच्या पाठीवरचा बँकेचा नंबर आजच फोनमध्ये साठवा, कार्ड हरवलं तर तो नंबरही त्याच्याबरोबर जातो.