रोहनावरची आपली माणसं

नांदेड

चि. बाळास,


बोटीवर नोकरी लागल्याचं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. लातूरचं पोरगं दर्यावर जाणार म्हटल्यावर घरात थोडी रडारड झाली असेल. मला मात्र फार अभिमान वाटला. निघण्याआधी तुला ‘रोहना’ बोटीविषयी सांगायचंय. तू जे काम करायला चाललास तेच काम करताना तिच्यावरची आपल्या देशाची माणसं गेली, आणि त्यांची बाजू कुणी फारशी मांडली नाही.

रोहना ब्रिटिश इंडिया कंपनीची, 1926 सालची. मद्रास, नागपट्टणम, पेनांग, सिंगापूर अशा तिच्या फेऱ्या. मलायातल्या मळ्यांवर मजुरीला जाणारी तमिळ कुटुंबं चटया अंथरून डेकवरच प्रवास करायची. तिच्या जोडीची ‘रजुला’ तर पाच हजारांवर डेक प्रवासी घ्यायची. महायुद्ध पेटलं आणि सरकारनं रोहना सैन्य वाहायला घेतली. प्रवाशांच्या जागी सैनिकांच्या झोळ्या टांगल्या गेल्या, तोफा बसल्या. इंजिनखोलीत, डेकवर, भटारखान्यात राबणारे खलाशी मात्र हिंदीच राहिले. गोऱ्या खलाशाच्या पगाराचा लहानसा हिस्सा त्यांच्या हातात पडे, आणि बॉम्बचा धोका मात्र दोघांना सारखाच.

26 नोव्हेंबर 1943 ला रोहना अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळून चालली होती. जवळपास दोन हजार अमेरिकन सैनिक घेऊन सुएझमार्गे हिंदुस्थानाकडंच येत होती. संध्याकाळच्या सुमारास जर्मन विमानानं रेडिओनं वळवता येणारा बॉम्ब सोडला आणि तो थेट बोटीच्या पोटात शिरला. जीवरक्षक होड्या होत्या, पण कितीतरी होड्या पाण्यात उतरवताच आल्या नाहीत. समुद्र खवळलेला, त्यात अंधार पडत चाललेला. ‘पायोनियर’ या अमेरिकन सुरुंगशोधक जहाजानं एकट्यानं 606 जणांना पाण्यातून वर काढलं. तरीही 1,015 अमेरिकन सैनिक गेले. बातमी दाबून ठेवली गेली. अमेरिकी काँग्रेसनं त्यांच्या स्मरणाचा ठराव केला तो थेट 2000 साली.

वाचलेल्या सैनिकांपैकी बऱ्याच जणांनी सांगितलं, की हिंदी खलाशी आधी होड्यांत बसले आणि पळाले. काही जण घाबरून तसं वागलेही असतील. पण हिशेब बघ. सैनिकांतले निम्मे गेले. बोटीवरचे कर्मचारी दोनशेच्या आसपास, त्यांतले सुमारे 120 गेले. म्हणजे निम्म्याहून जास्त. सगळेच पळाले असते तर एवढी माणसं मेली नसती. हा ठपका मला मान्य नाही. उद्या कुठल्या बंदरात कुणी तो तुला ऐकवला, तर हे आकडे त्याच्यापुढं ठेव.

आपल्याकडं समुद्र नाही, तेव्हा आपला काय संबंध, असं म्हणू नकोस. त्या वेळी नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होतं. निजामाच्या पैशांतून उभी राहिलेली ‘निझाम’ नावाची विनाशिका ऑस्ट्रेलियाच्या नौदलात लढली. जपान शरण आला तेव्हा ती टोकियोच्या उपसागरात हजर होती. निजामाची तिजोरी आपल्या पणजोबांसारख्या रयतेच्या साऱ्यानंच भरायची. विनाशिकेला राजाचं नाव मिळालं. खलाशांची नावं शोधावी लागतात.

ती शोधायची जागा मुंबईत आहे. लातूरची गाडी सीएसएमटीला पोचली की लोकलनं पहिलंच स्टेशन मशीद. तिथं पूर्वेला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात गेलेल्या हिंदी दर्यावर्दींचं स्मारक आहे, आणि दुसऱ्या महायुद्धात गेलेल्यांची नोंदवही तिथंच ठेवली आहे. दोन हजारांवर नावं पहिल्या युद्धातली, सहा हजारांवर दुसऱ्यातली.

बोटीवर चढायच्या आधी तिथं जाऊन ये. परवानगी मागून वही उघड, रोहनाची माणसं शोध आणि त्यांची नावं, गावं मला लिहून पाठव.

तुझी,
आत्या