आबांची बंदूक

आमच्या घरी बंदूक होती. ठासणीची नव्हे, चांगली बोल्टची रायफल. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही ती विकली. गावात अजूनही कोणी ना कोणी विचारतं, “एवढी आजाची निशाणी, कायले इकली रे बाप्पा?” प्रत्येकाला पारावर उभं राहून सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकावं म्हणतो.

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, बोथ्याच्या जंगलाच्या कडेला. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ही रायफल १९५१ साली एका निवृत्त साहेबाकडून जुनीच घेतली. तेव्हा आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर. नळीवर बी.एस.ए. अशी अक्षरं. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमची ही कंपनी, जिच्या फटफट्याही पुढे आपल्याकडे फिरल्या. बोअर तीनशे पंधरा. हा बोअर आपल्याकडेच का जास्त दिसतो, ते आबा मोठ्या ऐटीत सांगत. लष्कराच्या थ्री-नॉट-थ्रीची गोळी खाजगी माणसाच्या हाती पडू नये असा इंग्रजांचा कायदा होता. म्हणून कंपन्यांनी हिंदुस्थानातल्या शिकाऱ्यांसाठी या निराळ्या गोळीची रायफल काढली.

बोल्ट म्हणजे काय, हे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नळीच्या मागे दाराच्या कडीसारखा लोखंडी दांडा असतो. तो वर उचलून मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे सारला की नवं आत बसतं. दांडा काढून ठेवला तर रायफल म्हणजे लाकूड आणि नळी. आमच्या बोल्टवर आणि नळीवर एकच नंबर कोरलेला होता. एकाचा बोल्ट दुसरीला नीट बसेलच असं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आबांच्या शिकारीच्या गोष्टी मी ऐकल्या त्या बाजेवर पडून. ज्वारी निसवली की रोही आणि डुकरं यायची, आबा मचाणावर बसायचे. सांबर पडलं तर वाटा गावभर जायचा. पण खरं सांगायचं तर त्या बंदुकीचं शिकारीचं आयुष्य वीस-बावीस वर्षांचंच. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीवांचा कायदा झाला, आणि परवान्यावर थोडी मोकळीक उरली होती तीही १९९१ च्या दुरुस्तीने गेली. आबांनी त्याआधीच हात आवरता घेतला होता. “जंगलात आता मारायले उरलं काय?” असं म्हणायचे. पुढे १९९७ साली त्याच जंगलाचं ज्ञानगंगा अभयारण्य झालं. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून एक वाघ शेकडो कोस चालत तिथे येऊन पोचला, तेव्हा आबा असते तर घाटात जाऊन नुसता माग पाहून आले असते. त्यांच्या मागे परवाना बाबांच्या नावावर झाला.

बाबांनी बंदूक चालवलेली मी कधी पाहिली नाही. त्यांच्या वाट्याला आली ती बंदुकीची चाकरी. दर तीन वर्षांनी परवान्याचं नूतनीकरण, आणि प्रत्येक निवडणुकीला रायफल ठाण्यात जमा करून निकालानंतर परत आणणं. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत आपल्याकडे निवडणुका काय कमी? दर वेळी एसटीचं भाडं आणि दिवस मोडायचा. धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला. तो म्हणायचा, “बाबा, काढून टाका.” बाबा नुसते हसायचे.

२०२२ च्या कार्तिकात बाबा गेले. तेरावं झालं आणि एका जाणत्या माणसाने बाजूला घेऊन सांगितलं, “परवाना माणसाबरोबर गेला. आता ती घरात ठेवशील तर विनापरवाना ठेवल्यासारखं होईल.” हे पुष्कळ घरांत माहीत नसतं. परवानाधारक वारला की वारसाने हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या दुकानदाराकडे जमा करून पावती घ्यायची. मग वारसाला स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करता येतो, नाहीतर ठरावीक मुदतीत परवाना असलेल्या माणसाला ते विकता येतं. मुदत टळली आणि काहीच केलं नाही, तर ते सरकारजमा होऊ शकतं.

मी पेटी काढली, गवसणी सोडली. रायफल होती. पाच जुनी काडतुसं होती. बोल्ट नव्हता.

माझ्या अंगाला घाम फुटला. बोल्टशिवाय रायफल घेऊन ठाण्यात गेलो आणि विचारलं तर काय सांगू? कोणी नेला? कशाला नेला? माळा झाला, कपाट झालं, बाबांची ट्रंक झाली. भावाला फोन केला, तो माझ्यापेक्षा घाबरला. दोन घंटे मी घर उपसत होतो आणि माय ओसरीवर तूर निवडत बसली होती. शेवटी तिने सूप खाली ठेवलं. आत गेली, ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेला तो दांडा काढून माझ्यापुढे ठेवला.

“हे पाह्यतं का?”

मी बघतच राहिलो. मग तिने सांगितलं, तेही सूप पुन्हा हातात घेऊन, माझ्याकडे न बघता. २००५-०६ चे ते दिवस. कापूस घरात, भाव नाही, सोसायटीचं कर्ज थकलेलं, वर सावकाराचं. आपल्या विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचं पॅकेज जाहीर झालं ते २००६ च्या जुलैत. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात आमच्या गावात दोन चुली विझल्या होत्या. बाबा रात्री उठून ओट्यावर जाऊन बसायचे, बोलायचे नाहीत. त्यातल्या एका रात्री मायने पेटी उघडून बोल्ट काढला.

“काडतुसं का नाही लपवली?” मी विचारलं. दुसरं काही सुचेना.

“काडतूस बजारात भेटते. हे भेटत नाही.”

आणि बाबा? बाबांना पहिल्याच निवडणुकीला कळलं असणार. रायफल जमा करायला निघाले तेव्हा त्यांनी पेटी उघडली, थोडा वेळ थांबले आणि मायला एवढंच म्हणाले, “दे.” तिने दिला. रायफल परत आली त्या रात्री तिने तो पुन्हा काढून घेतला. बाबांनी पाहिलं, पण बोलले नाहीत. पुढे सोळा वर्षं हे असंच चाललं. २००८ मध्ये कर्जमाफी झाली, दिवस थोडे पालटले, मी हाताशी आलो, तरी बोल्ट कोठीतच. दोघांत त्यावर एक शब्द झाला नाही, आणि त्याच घरात राहणाऱ्या मला याचा वास नाही. त्या वर्षांत मी बाबांशी पिकाबद्दल, भावाबद्दल किती वाद घातले, ते मला त्या दिवशी आठवत राहिले.

दुसऱ्या दिवशी बोल्ट बसवून रायफल जमा केली.

आता भावाचं मन फिरलं होतं. “विकू नको, दादा. मी परवान्याचा अर्ज करतो. आबांची आठवण आहे.” त्याचंही खोटं नव्हतं. मी मायला विचारलं. ती म्हणाली, “आठवणीले फोटो हाय न आबाचा भितीवर.” विषय संपला.

गिऱ्हाईक मिळायला वेळ लागला. जुनी विलायती चीज म्हणून लोक हात लावून बघत, भाव मात्र करत नसत. शेवटी शेजारच्या तालुक्यातला एक परवाना असलेला बागायतदार तयार झाला. विकण्याचा इरादा आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं, ते थांबलो. मी चाळीस हजार म्हटले, बत्तिसावर तुटलं. नळीत थोडा गंज होता, तो मीच दाखवला.

त्या पैशांतून रोह्यांसाठी सौर कुंपण घेतलं, ज्याला आपण झटका मशीन म्हणतो. बंदुकीने राखायचं तेच शेत आता तार राखते. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराला मारायला वन खात्याची लेखी परवानगी काढावी लागते. ती काढून रात्री जागणारा माणूस आमच्या घरात आता कोणी नाही. तार जनावराला मारत नाही, झटका देऊन परतवते. पहिल्या हंगामात एका जागी ती सैल राहिली आणि डुकरांनी दोन तास मका लोळवली, पण ती चूक माझी.

बोल्टचं फडकं मायने सोड्यात उकळून धुतलं. तेलाचा डाग गेला नाही. आता ती त्यात चवळीचं बी बांधून ठेवते, त्याच कोठीत.